कल्ल्यांवरच्या पांढऱ्या गाठी आणि तळातला गाळ

तुमचा प्रश्न वाचला, फोटोही पाहिले. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याजवळ तुमची दोन तळी आहेत. एक प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, दुसरं जुनं, काळ्या मातीतलं. दोन्हीत पाणी उपसा करूनच येतं. मातीच्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ आहेत. दिवाळीनंतर कटले पहाटे वर येऊन तोंड वासायला लागले, रोज काही मरतात, आणि कल्ल्याचं झाकण उचललं की बाजरीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात. दुकानदारानं आधी पोटॅशियम परमँगनेट दिलं, मग फॉर्मेलिन, मग सीफॅक्स. फरक पडला नाही. आता तुम्ही विचारताय की कुठलं औषध लागू पडेल, रोग प्लास्टिकच्या तळ्यात जाईल का, आणि तिथल्या मत्स्यबीजाला पुण्याहून जिवंत ट्युबिफेक्स (माशांना खाऊ घालतात तो बारीक लाल कृमी) आणून घातला तर चालेल का.

ट्युबिफेक्सचं आधी सांगतो, कारण तेवढंच घाईचं आहे: घालू नका. आणून ठेवला असेल तर तळ्यात नको, आणि धुण्याचं पाणीही तळ्याच्या बांधावर ओतू नका. कारण पुढे येतंच आहे.

दुसरं, औषधं आजपासून बंद. तुमच्या माशांचे कल्ले आधीच अर्धे निकामी झालेत आणि आपण त्यांच्यावरच ही रसायनं ओततोय. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं. दर लिटरला 5 मिलिग्रॅम फॉर्मेलिन पडलं की साधारण 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन गेला असा हिशेब धरतात. पहाटे जेव्हा ऑक्सिजन तसाही तळाला गेलेला असतो, तेव्हा हा फटका मरणाचा ठरतो. परमँगनेट जास्त झालं तर कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजते. सीफॅक्स चांगलं औषध आहे, भुवनेश्वरच्या संस्थेनं ते माशांच्या अंगावर लाल जखमा पडणाऱ्या रोगासाठी काढलं. तुमच्या माशांना तो रोगच नाही. दुकानदाराला दोष देत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक येतं ते बाटली मागायलाच.

आता लगेच करायच्या गोष्टी. एअरेटर असेल तर मध्यरात्रीपासून ऊन चढेपर्यंत चालू ठेवा. नसेल तर पंपानं तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून पसरून पाडा. खाद्य चार-पाच दिवस बंद, नंतर निम्मं. शेण टाकणं पूर्ण थांबवा. विकण्याजोगे मासे काढून गर्दी कमी करा. मेलेले मासे रोज गोळा करून चुना टाकून खोल पुरा. फुगवट्यात फेकू नका. एवढ्यानं रोग जाणार नाही, पण मरतुक बहुतेक वेळा कमी होते. कारण हे मासे गाठींनी कमी आणि श्वास कोंडून जास्त मरतात. गाठी असलेला मासा भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात जगतो, कालांतरानं गाठी फुटतात आणि कल्ले काही प्रमाणात भरूनही येतात.

हा रोग मिक्झोझोआ नावाच्या परजीवींचा आहे. फोटोवरून शंभर टक्के कुणी सांगू नये, म्हणून खात्री करून घ्या. ती अवघड नाही. ताज्या मेलेल्या कटल्याची एक गाठ चिमट्यानं काढा, काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवा, वर पातळ काच ठेवून बोटानं दाबा. कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला 400 पट मोठं दिसत असेल तर पुरे. पांढरट दुधासारखं जे बाहेर येतं ते लाखो बीजाणू असतात, प्रत्येक साधारण 10 मायक्रॉनचा, नासपतीसारखा किंवा लंबगोल, आणि टोकाशी चकाकणाऱ्या कुप्या. दोन कुप्या असतील तर बहुधा मिक्झोबोलस, एकच असेल तर थेलोहानेलस, दोन कुप्या आणि मागे दोन लांब शेपट्या असतील तर हेनेगुया. कटला-रोहूच्या कल्ल्यांवर आपल्या देशात पहिले दोन फार आढळतात. बीजाणू न दिसता केसाळ कडांचा, गोल, संथ फिरणारा जीव दिसला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा वेगळा रोग आहे. तो अंगावर आणि परांवरही असतो, आणि त्यावर उपायही वेगळा. माशांची ऊ किंवा नांगरकृमी असेल तर ते नुसत्या डोळ्यांना हलताना किंवा लटकताना दिसतात. ही तपासणी न करता औषध देणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

हे मिक्झोझोआ मोठे गमतीशीर जीव आहेत. बरीच वर्षं त्यांना एकपेशीय समजत. प्रत्यक्षात ते जेलीफिश आणि प्रवाळांचे नातेवाईक आहेत, आणि त्या कुप्यांमध्ये गुंडाळलेला धागा म्हणजे जेलीफिशच्या डंखाचंच रूप. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. गाठीतून निघालेला बीजाणू दुसऱ्या माशाला लागतच नाही. एकाच टाकीत, चिखल नसलेल्या स्वच्छ पाण्यात, आजारी आणि निरोगी कटले वर्षभर ठेवले तरी निरोगी निरोगीच राहतात. भूमध्य समुद्रातल्या पाळीव माशांत एक जात थेट माशाकडून माशाकडे जाते, पण तो अपवाद.

मग रोग पसरतो कसा? मासा मेला किंवा गाठ फुटली की बीजाणू गाळात बसतो. गाळात राहणारे बारीक अळीसारखे वलयी कृमी, ट्युबिफेक्स आणि त्याची भावंडं, गाळ खाता खाता तो गिळतात. कृमीच्या आतड्यात कुप्यांतला धागा सुटतो, बीजाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतो, आतला जीव अस्तरात शिरतो आणि तिथे पूर्ण वेगळं रूप घेतो. काही आठवड्यांपासून काही महिन्यांनी कृमीच्या विष्ठेबरोबर नवे बीजाणू बाहेर पडतात. हे तरंगतात, बऱ्याच जातींत त्यांना तीन लांब हात फुटलेले असतात. तरंगत तरंगत माशाच्या कातडीला किंवा कल्ल्याला लागले की धागे रोवून आतला ऐवज माशात सोडतात आणि मोकळं कवच गळून पडतं. मासा, गाळ, कृमी, पाणी, पुन्हा मासा. यातला कृमी काढला की साखळी तुटते. मासा बरा करायचा प्रयत्न हा यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरुपयोगी भाग आहे.

हे कोडं सुटायला फार काळ लागला. ट्राउट माशांना गरगर फिरायला लावणारा असाच एक रोग जर्मनीत 1903 मध्ये नोंदला गेला. प्रयोगशाळेत मात्र बीजाणू माशांना खाऊ घालून रोग होईना. शेवटी अमेरिकेत वुल्फ आणि मार्किव यांनी 1984 मध्ये दाखवलं की मध्ये ट्युबिफेक्स लागतो. गंमत अशी की कृमीतले ते तीन हातांचे बीजाणू शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते, फक्त त्यांना वेगळ्याच वर्गातले स्वतंत्र प्राणी म्हणून नावं दिलेली होती. एकाच जीवाला दोन नावं, दोन वर्ग. अमेरिकेतल्याच मागूर-वर्गी माशांच्या शेतीत कल्ले फुगून लाल-पांढरे होणारा रोग आहे, तोही असाच. तिथे डेरो नावाचा तळातला कृमी वाहक निघाला. जपानात कोई आणि सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) रक्तस्रावी रोगात ब्रॅन्किउरा निघाला. हा ब्रॅन्किउरा आपल्या ओढ्या-नद्यांतही भरपूर आहे. शेपटीकडच्या भागाला दोन्ही बाजूंनी बारीक कल्ल्यांची झालर असते, गाळ धुऊन बशीत घेतला की भिंगानं लगेच ओळखता येतो.

आता प्लास्टिकच्या तळ्याचं. बरेच जण समजतात की खाली माती नाही म्हणजे कृमी नाही. पहिल्या वर्षी ते खरं असतं. पण उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ, वाऱ्यानं आलेली माती आणि उपशाच्या पाण्यातला गाळ यांचा थर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोपऱ्यांत बोटभर तरी साचतो, आणि ट्युबिफेक्सला बोटभर थर पुरतो. उलट तो थर निव्वळ सेंद्रिय असल्यामुळे त्याला जास्तच मानवतो. काठावरून लांब दांड्याच्या जाळीनं कोपऱ्यातला गाळ उचला, मैद्याच्या चाळणीत धुवा, पांढऱ्या बशीत पाण्यात सोडा. तांबूस धाग्यासारखे वळवळणारे जीव दिसले की समजा घर तयार आहे. त्यातले बाधित किती? अगदी रोगट पाण्यातही शंभरात एखाद-दुसराच असतो. पण एक बाधित कृमी हजारो बीजाणू सोडतो, आणि एकदा लागण झालेला कृमी सहसा जन्मभर सोडत राहतो. त्यामुळे "थोडेच कृमी आहेत" हा दिलासा नाही.

ट्युबिफेक्सचं आता कळलं असेल. पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणारा लाल गोळा सांडपाण्याच्या नाल्यांतून किंवा नदीकाठच्या गाळातून गोळा केलेला असतो. जिथे ऑक्सिजन नाही, दुसरं काही जगत नाही, तिथे हा रक्तातल्या लाल रंगद्रव्याच्या जोरावर मजेत जगतो. मुळा-मुठेचा पुण्याखालचा पट्टा तर त्याची खाणच. त्याच पाण्यात मासेही असतात, म्हणजे बीजाणूही. दुकानदार सांगतात, दोन दिवस नळाच्या पाण्याखाली धुतला की साफ होतो. आतड्यातली घाण आणि काही जिवाणू जातात, हे खरं. पण आपला परजीवी आतड्याच्या पोकळीत नाही, अस्तराच्या आत आहे. तो धुऊन निघत नाही. पिल्लांना जिवंतच काही द्यायचं तर आर्टेमिया उबवा किंवा डॅफ्निया स्वतःच्या टाकीत वाढवा. गोल्डफिश वाढवणाऱ्यांनीही हे ऐकावं: त्यांचं मूत्रपिंड फुगवून पोट एकीकडे सुजवणारा रोगही याच कुळातला आहे.

तुमचं पाणी उपशाचं आहे, ही दुसरी अडचण. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते, त्यामुळे पुण्याचं सांडपाणी आणि त्यावर वाढणारे कृमी हे सगळं तुमच्या वरच्या अंगाला आहे. पाईपच्या तोंडाला बांधलेली जाळी रानमासे अडवते, बीजाणू नाही. त्यावर सोपा उपाय एकच आहे. कृमीतून सुटलेला तरंगता बीजाणू नाजूक असतो. मासा मिळाला नाही तर तो काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, निकामी होतो. कोरडा पडला तर त्याहून लवकर. म्हणून मासे नसलेल्या, गाळ काढलेल्या साठवण टाकीत पाणी दोन-तीन आठवडे नुसतं थांबवून मग तळ्यात घेतलं तर धोका पुष्कळ उतरतो. तुमच्याकडे दोन तळी आहेत. प्लास्टिकचं तळं एक हंगाम साठवणीला ठेवा असा माझा सल्ला राहील. उत्पन्न बुडेल हे दिसतंय, तरी. बोअरचं पाणी असेल तर फारच चांगलं.

माशातून निघणारा बीजाणू मात्र टणक. गाळात तो कित्येक महिने, कदाचित वर्षं तग धरतो. म्हणून मातीच्या तळ्याचं काम उन्हाळ्यात नीट करावं लागेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये मासे काढून तळं रिकामं करा. गाळ ओला असतानाच कळीचा चुना पसरा, गुंठ्याला 10 ते 15 किलो. कोरड्या गाळावर चुना टाकून उपयोग नाही. चुन्याचं काम पाण्यात विरघळून क्षारता एकदम चढवण्यानं होतं, आणि ओल गेली की तो नुसती पांढरी भुकटी. आठवडाभरानं गाळ उचला. काळ्या मातीच्या तळ्यात फक्त वाळवून भागत नाही, हे लक्षात ठेवा. भेगा पडतात आणि कृमी भेगेच्या खालच्या ओलीत उतरतात. ट्युबिफेक्स तर कोरड्यात स्वतःभोवती कवच करून पडून राहू शकतो. निदान वरचा वीतभर थर काढायचा, मग नांगरून एप्रिल-मेचं ऊन खाऊ द्यायचं. काढलेला गाळ उसाला घाला, उत्तम खत आहे, पण ज्या शेतातलं पावसाचं पाणी परत तळ्यात येतं तिथे नको.

प्लास्टिकवर कळीचा चुना कधीही टाकू नका. विझताना तो इतका तापतो की प्लास्टिकचा कागद खराब होतो. तिथे आधी विझवलेला चुना, आणि खरं तर झाडून, धुऊन, आठवडाभर कडक वाळवलेलं प्लास्टिक पुरतं. चुन्याला हात लावणाऱ्यानं डोळ्यांवर चष्मा घालावा. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी उघड्या डोळ्यांनी वाऱ्याच्या तोंडाला उभा असतो.

मोहाच्या पेंडीबद्दल विचारणार असाल तर ती मासे मारते, गाळातल्या कृमींचा बंदोबस्त त्यावर सोपवू नये. विष उतरलं की तिचं खतच होतं, आणि त्यावर कृमी पोसतात. मोरचूद तर या कामासाठी घेऊच नका. कृमी गाळात डोकं खुपसून बसलेले, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, आणि वरचं शेवाळ मेलं की ऑक्सिजनचा बोजवारा. फ्युमॅजिलिन नावाचं एक प्रतिजैविक काही मिक्झोझोआंवर चालतं असं प्रयोगांत दिसलंय, पण डोस जरा चढला की माशालाच बाधतं आणि कटल्याच्या तळ्यात ते वापरण्याजोगं नाही. कुणी "स्पेशल पावडर" म्हणून विकत असेल तर पैसे वाचवा.

पुढच्या हंगामात मातीच्या तळ्यात कटला घालू नका. या परजीवींच्या बहुतेक जाती ठरावीक माशालाच लागतात, त्यामुळे कटल्यातला सहसा गवत्याला (ग्रास कार्पला) किंवा चंदेऱ्याला (सिल्व्हर कार्पला) त्रास देत नाही. रोहूचे स्वतःचे वेगळे आहेत. एका हंगामाच्या सुट्टीनं बीजाणू संपत नाहीत, पण बाधित कृमींची पिढी पुढे सरकते. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरून कृमी खातात, म्हणून ते थोडे जास्त ठेवावेत असं काही जण सुचवतात. मलाही ते पटतं, पण निम्मंच: कृमी कमी होतात हे खरं, पण गाळ ढवळून पाणीही सतत गढूळ राहतं. शेणाऐवजी सुकं, कुजलेलं खत, तेही कमी. गाळ जितका सडका, तितके कृमी जास्त.

बीजाबाबतीत मात्र मी कडक आहे. अमेरिकेत तो ट्राउटचा रोग युरोपातून आला, 1956 मध्ये पेनसिल्वेनियात सापडला, आणि माशांच्या वाहतुकीबरोबर पश्चिमेकडे सरकत गेला. 1994 मध्ये मोंटानाच्या मॅडिसन नदीत तो ओळखला गेला तेव्हा तिथले रेनबो ट्राउट सुमारे 90 टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे टेम्पोतून पिशव्या येतात, कुणी कल्ले उघडून पाहत नाही. तुम्ही पाहा. प्रत्येक खेपेतले वीस-तीस जीव भिंगाखाली तपासा. लागणीनंतर गाठ दिसायला आठवडे लागतात, म्हणून नव्या बोटुकल्या तीन-चार आठवडे चिखल नसलेल्या सिमेंटच्या टाकीत ठेवून पुन्हा बघा, मग सोडा. शक्य तितक्या मोठ्या सोडा. लहान कल्ल्यावर चार गाठी म्हणजे जीव घ्यायला पुरेशा असतात, त्याच चार गाठी पाव किलोच्या माशाला कळतही नाहीत. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना जाळी, बादल्या, गमबूट धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. जाळ्याला चिकटलेल्या मूठभर चिखलात कृमी जातात.

गाळातले कृमी फक्त याच रोगाचे वाहक नाहीत, हेही सांगून ठेवतो. मागूरच्या आतड्यात सापडणारे पांढरे, न तुकडे पडलेले फीतकृमी त्यांच्यातूनच येतात. त्यावर प्राझिक्वांटेल चालतं, म्हणून तिथे औषधाला अर्थ आहे. आणि मरळ किंवा इतर माशांच्या पोटात, स्नायूत लाल गुंडाळलेला लांब कृमी दिसला तर तो बहुधा युस्ट्राँजिलिडीस. त्याची सुरुवात गाळातल्या कृमीत, मधला मुक्काम माशात आणि शेवट बगळे-पाणकावळ्यांच्या पोटात होतो. भिगवणला पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात, त्यांच्याबरोबर हा पाहुणाही तुमच्याकडे असणारच. पक्ष्यांवर राग काढू नका, काठावरची उथळ, सडकी जागा कमी करा.

गाठीचे मासे विकायला हरकत नाही, कल्ले काढून टाकून. कटल्याचे हे मिक्झोझोआ माणसाला लागत नाहीत. लाल कृमीचा मासा मात्र कच्चा किंवा अर्धा शिजवलेला खाऊ नये, तो माणसाच्या पोटातही त्रास देतो. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गिऱ्हाईक कल्ला उचलून ताजेपणा बघतं, त्यामुळे भाव पडेल तो पडेल.

नमुना पाठवायचा असेल तर मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आधी फोनवर विचारून घ्या. ऑक्सिजनच्या पिशवीत जिवंत दोन-तीन आजारी कटले सगळ्यात चांगले. ते जमत नसेल तर मरताना पकडलेल्या माशाच्या कल्ल्याचे तुकडे दोन बाटल्यांत करा: एक 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये, दुसरी 95 टक्के अल्कोहोलमध्ये. सकाळी मेलेला, दुपारी फुगलेला मासा बर्फात घालून पाठवला तर त्यातून कुणालाच काही कळत नाही. आणि सोबत तळातला वाटीभर गाळ ओल्या अवस्थेत, झाकण सैल ठेवून पाठवा. त्यात कृमी जिवंत पोचले तर त्यांना वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून कोण बीजाणू सोडतोय हे शोधता येतं.